सिग्नलचा हात

धनजच्या बाजूने बंड्या यायला लागल्या आहेत. कापसाच्या जिनच्या फाटकापासून नाक्यावरच्या लिंबापर्यंत त्यांची रांग लागते. बैल मान खाली घालून रवंथ करत उभे राहतात आणि बंडीवाले कापसाच्या ढिगावरच अंग टाकून देतात. दिवाळीपासून जिनचा भोंगा पुन्हा सुरू झाला आहे. आमच्या कारंजा गावात या दिवसांत हवेलाच लव फुटते. रुईचे तंतू उन्हात दिसतात, सावलीत दिसत नाहीत, पण असतात. ते भाकरीवर असतात, पाण्याच्या गडव्यावर असतात, देवाच्या फोटोवर आणि माणसाच्या भुवयांत असतात. मी जिनमध्ये कारकून आहे. संध्याकाळी घरी आलो की माझी बायको कमल मला दारातच उभं करते आणि पाठीवर फडकं मारते. "आजबी म्हातारे होऊन आले," म्हणते. पूर्वी ती थट्टा होती. आता फडकं मारून झाल्यावरही बराचसा पांढरेपणा तसाच राहतो.

काल कोनाड्यातला सिग्नल पुसला. पत्र्याचा, वीतभर उंचीचा, लाल पट्टीवर पांढरी रेघ असलेला. पट्टीवर रुई बसली होती. फुंकर मारली तर हलली नाही, कारण ती वरवर बसलेली नव्हती. एक तंतू पट्टीच्या मागे, खिळ्याच्या बुडाशी, कुठल्यातरी जुन्या चिकट ठिपक्यात अडकला होता. मी तो टाचणीने काढला. हंगाम असा परत येतो. बंड्या, भोंगा, रुई हे सगळ्यांसाठी येतं. माझ्यासाठी तो ठिपकाही येतो.

हा सिग्नल माझ्या थोरल्या भावाचा. दादा मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर केबिनमध्ये होता. केबिन म्हणजे रुळांच्या कडेची उंच खोली. तिच्यात लोखंडी दांड्यांची रांग असते. एक दांडा ओढला की दूरवर एक सिग्नल पडतो, दुसरा ओढला की रूळ बदलतो. मी लहानपणी एकदा ती खोली पाहिली होती. दांडे माझ्या छातीएवढे उंच. दादा पाय रोवायचा, हाताला फडकं गुंडाळायचा आणि सगळं अंग मागे टाकून दांडा ओढायचा. मग तार सळसळत जायची आणि खूप लांब, जिथे माझी नजर नीट पोचतही नव्हती, तिथे एक लाल पट्टी खाली यायची. त्या पट्टीला रेल्वेची माणसं हातच म्हणतात. हात आडवा असला की थांबायचं, पडला की निघायचं. दादा घरी आला की सगळ्याच गोष्टी त्या भाषेत बोलायचा. जेवायला बसायच्या आधी स्वयंपाकघराकडे पाहून विचारायचा, "लाईन क्लेर हाय काय?"

त्याच्या स्टेशनावर एक गार्डसाहेब होते. इंग्रज गेले तसे तेही काही दिवसांनी विलायतेला निघाले. जाताना घरातली खुर्ची-टेबलं वाटली आणि दादाला बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा दिला. त्यात त्यांच्या पोरांची खेळण्यातली रेल्वे होती. म्हणजे, रेल्वे नव्हतीच. चावीची कमान तुटल्यावर इंजिन कधीच हरवलं होतं, डबे पोरांनी पायाखाली चेचले होते. उरलं होतं ते गाडीच्या भोवतालचं सगळं. एक सिग्नल. एक फाटक. फाटकाशेजारी चौकीवाल्याची खोली, आणि फाटक लागताना तिच्यातून कंदील घेऊन बाहेर येणारा पत्र्याचा चौकीवाला. पितळी घंटी. इंजिनाला पाणी पाजायची सोंड. रंग उडालेलं बाक. आणि बोटाएवढ्या दांड्यांची एक चौकट, हुबेहूब केबिनमधल्यासारखी. दादाला मूलबाळ नव्हतं, वहिनी लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती. डबा त्याच्या खाटेखाली तसाच पडून राहिला.

मग एका सकाळी नळावर तोंड धुताना त्याचा उजवा हात लोट्यासकट खाली आला आणि पुन्हा वर गेला नाही. लकवा. पाय थोडा वाचला, बोलणं थोडं जड झालं, हात मात्र लुळा पडला. मी त्याला आणायला गेलो. छोट्या गाडीत बाकावर आडवा करून आम्ही त्याला कारंज्याला आणलं. ती गाडी इतकी हळू चालते की बोरी दिसल्या तर माणसं उतरून बोरं वेचतात आणि पुन्हा चढतात. दादा पडल्या पडल्या खिडकीतून आभाळ पाहत होता. मला वाटलं, रडतो आहे. तोंडाशी कान नेला तर तो म्हणाला, "बापू, सिग्नलचा हात पडला तं गाडी निंगते. माहा पडला तं माहीच गाडी उभी राह्यली." आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसला. उशाशी बिस्किटांचा डबा होता.

डॉक्टरांनी सांगितलं, बोटांत थोडा जीव आहे, तो वाढू शकतो, पण बोटांना रोज काम हवं. कणीक मळा, चेंडू दाबा, काहीही करा. काम थांबवू नका.

"कणीक कमल मळते," दादा म्हणाला. "मले दांडा दे."

तो हंगामाचा आरंभ होता. जिनमध्ये काम अजून अंगावर आलं नव्हतं. मी डबा उघडला आणि बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी अंगणात पोत्यावर सगळं मांडून बसलो. आज आठवलं तरी त्या दिवसाचं ऊन अंगाला लागतं. त्या थकलेल्या हंगामातला तो एकच न थकलेला दिवस. सिग्नलचा खिळा गंजला होता, तो रॉकेलात भिजवून काढला. पट्टी आणि दांडा जोडणारी सळई नव्हतीच, तिथे मोडक्या छत्रीची काडी कापून बसवली. फाटकाच्या बिजागरीत कमलची तुटलेली सुई घातली. घंटी चिंचेने घासली. तिचा हातोडा घंटीपर्यंत पोचत नव्हता, तो पकडीने किंचित वाकवला. चौकीवाला सगळ्यात हट्टी. फाटक लागलं तरी दारातच अडकायचा. दादा खाटेवरून बघत होता.

"झोपला अशीन साला," तो म्हणाला. "सायबाले सांग, मेमो द्या लागते त्याले."

मी चौकीवाल्याच्या पायाखालचा पत्रा कानशीने घासला. तो बाहेर आला. कमलने टाळ्या वाजवल्या.

राहिलं तेल. हलणाऱ्या वस्तूला तेल लागतं एवढं कोणालाही कळतं. आमच्याकडे तेल म्हणजे जवसाचं. भाजीत तेच, भाकरीवरच्या तिखटात तेच. बंडीच्या आसाला एरंडेल घालतात, पण ते जाड, काळं, वासाचं. एवढ्या नाजूक कामाला ते मला अडाणी वाटलं. जवसाचं तेल पातळ, सोन्यासारखं. मी कोंबडीचं पीस त्यात बुडवून प्रत्येक खिळ्याला, प्रत्येक कडीला, दांड्यांच्या चौकटीच्या प्रत्येक फटीला हात राखून नव्हे, चांगलं भरभरून दिलं. आणि सगळं लोण्यासारखं चाललं. दांडा नुसत्या बोटाच्या भाराने यायचा. पट्टी पडायची, खट. सोडला की परत वर, खट. मी अगदी खूश होतो.

दांड्यांची चौकट मी एका फळीवर ठोकली आणि फळी दादाच्या खाटेच्या उजव्या अंगाला बांधली. डावा हात तिकडे पोचत नव्हता. ते मी मुद्दाम केलं होतं, चांगल्या हाताने काम उरकायची सवय लागू नये म्हणून. भिंतीला बारीक कड्या मारून तार दरवाज्याशेजारच्या कोनाड्यापर्यंत नेली आणि तिथे, आत येणाऱ्याला आधी दिसेल असा, सिग्नल बसवला. फाटक त्याच्या पुढ्यात.

आणि दादाने त्याच संध्याकाळी कायदा काढला. सिग्नल पडल्याशिवाय त्याच्या खोलीत कोणी यायचं नाही.

हा कायदा घरात इतका पक्का झाला की शेजारच्या बायासुद्धा उंबऱ्यावर थांबायला लागल्या. कमल चहाची कपबशी घेऊन उभी राहायची. पदर सांभाळत म्हणायची, "दादा, च्या थंडा होऊन राह्यला नं."

"होऊ दे. लाईन बिझी हाय."

"कोनती गाडी हाय लाईनीवर?"

"मालगाडी. सरकीची."

मग त्याची बोटं दांड्यावर सरकायची. आम्ही पाहत असलो की तो ओढायचा नाही, म्हणून आम्ही दुसरीकडे पाहायचो. कपाळावर शीर उठायची, ओठ आत जायचा, आणि पुष्कळ वेळाने दारातला सिग्नल पडायचा. एकदा तो मध्येच अडला. पट्टी धड आडवी नाही, धड खाली नाही. कमल आत शिरली. तसा दादा खाटेवरून ओरडला, "ए बाई! मांगं हो! दिसत नाई काय?"

"पडला की!"

"अर्धा पडला. अर्धा पडलेला सिग्नल म्हंजे धोका. डायवर कितीबी घाईत असो, त्याले थांबाव लागते. पूर्ण पडल्याबिगर चाक हालत नाई."

ती मागे झाली. उंबऱ्याबाहेर हसू दाबत उभी राहिली. दादाने पुन्हा जोर केला. खट. "आता ये," तो म्हणाला. चहा तोवर खरंच थंड झाला होता. त्याने तो मिटक्या मारत प्यायला. बशी डाव्या हातात होती, पण उजव्या हाताची बोटं दांड्यावर तशीच ठेवलेली होती, नुसती, मालकासारखी.

त्या दिवसांचा विचार करतो तेव्हा मला वाटतं, तो हात बरा होत होता. मला खात्री नाही. खात्री असती तर बरं झालं असतं, कोणत्याही बाजूची.

मग हंगाम भरात आला. वेचणी जोरात, बंड्या रात्रीपासूनच रांगेत, भोंगा पहाटे आणि भोंगा दुपारी. जिनमध्ये एका सुरात इतका आवाज असतो की घरी आल्यावर शांततेतही तो चालू राहतो. मी घरी यायचो, हातपाय धुवायचो, आणि दादाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसायचो. दादाने दांडा ओढायचा आणि मी सोबत करायची, असं ठरलेलं. आरंभी मी त्याच्याकडे तोंड करून बसायचो. नंतर बाजूला. नंतर भिंतीला टेकून डोळे मिटून. कान तेवढे जागे. खट ऐकू आलं की "हं" म्हणायचं. मी थकलेलो असायचो हे खरं. पण थकवा हा सोयीचाही असतो, हे मला त्या हंगामात कळलं.

खट कमी झाले. मग लांबले. मग कमल उंबऱ्यावर उभी आणि चहावर साय, तरी सिग्नल आडवाच.

"बापू," दादा एकदा म्हणाला, "हात जाऊन राह्यला."

"थंडी पडली ना दादा. थंडीत आखडतंच."

"थंडी या दुसऱ्या हाताले नाई काय?"

मी उठून त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली. खांद्यावर घोंगडी टाकणं सोपं होतं. दांडा त्याच घोंगडीच्या काठाशी होता. माझा हात त्याच्यापासून वीतभर दूर होता.

तो रोज प्रयत्न करायचा. दात आवळायचा आणि त्या हाताला शिव्या द्यायचा, रेल्वेतल्या अस्सल शिव्या, ज्या कमल आत असताना तो कधी द्यायचा नाही. "हाल नं बे! मेला काय रे!" मी डोळे मिटून ऐकायचो. मग शिव्याही थांबल्या. एका संध्याकाळी मी आलो तर तो भिंतीकडे तोंड करून निजला होता.

"फळी काढून टाक," तो म्हणाला. "कुशीले रुतते."

मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं." फळी खाटेवरून सोडली, तारेसकट भिंतीला उभी करून ठेवली. आणि लिहायला हात जड होतो, पण लिहितो: मला हलकं वाटलं. आता ती रोजची बैठक नाही, तो ओढाताणीचा श्वास ऐकणं नाही. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो. कमल माझ्याकडे पाहत होती. तिने आणखी एक भाकर वाढली.

दुसऱ्या दिवसापासून दादाच्या खोलीत कोणीही केव्हाही जायला लागलं. कमल चहा घेऊन सरळ आत जायची, शेजारच्या बाया सरळ आत जाऊन "कसं काय दादा" विचारायच्या. तो बरं आहे म्हणायचा. आडवा सिग्नल कोनाड्यात होता आणि त्याला कोणी जुमानत नव्हतं. माणूस आजारी आहे म्हणजे काय, ते मला त्या उघड्या दारात दिसलं. त्याआधी तो फक्त खाटेवर होता.

संक्रांत जवळ आली. हळदीकुंकवाला बाया येणार म्हणून कमलला पुढचं दार हिरवं करून हवं होतं. आदल्या बाजाराच्या सुट्टीला मी एक कवाड रंगवलं होतं, दुसरं राहिलं होतं. पुढच्या सुट्टीला सकाळी पुन्हा बसलो. हिरवी पूड आणि जवसाचं तेल. सगळेच तसा रंग करतात, त्यात कसली विद्या नाही. आधीच्या वेळचा उरलेला रंग वाटीत होता. वर जाड साय धरली होती. काडीने टोचली तर चामड्यासारखी ताणली. वाटीच्या काठावरून नुसत्या तेलाचा जो ओघळ गेला होता, तो पिवळा, कडक, नखाने निघेना असा झाला होता. शेजारचं रंगवलेलं कवाड मी सहज बोटाने चाचपलं. खणखणीत वाळलं होतं.

काडी हातातच राहिली. जे तेल रंग वाळावा म्हणून घालतात, तेच मी चाक फिरावं म्हणून घातलं होतं.

मी आत गेलो. दादा झोपला होता. भिंतीशी उभी केलेली फळी मी ओसरीवर आणली, मांडीवर घेतली आणि सिग्नलचा दांडा बोटाने ओढला. माझं बोट धडधाकट आहे. दांडा हलला नाही. दोन बोटं लावली. हलला नाही. मुठीत धरून ओढला तेव्हा चौकटीतून कडकन आवाज आला आणि तो केसभर सरकला.

फळी मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. रंगाची वाटी तिथे अंगणात, दार अर्धं हिरवं. कमल आली, तिने फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं वो?"

"हात चांगला होता," मी म्हणालो. "दांडा अडला होता."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती खाली बसली. "अन् ते रोज..." एवढंच म्हणाली.

रोज. एक अर्धं मेलेलं बोट रोज त्या दगडाशी झुंजत होतं आणि हरत होतं, आणि मी त्याच खोलीत होतो. तेलाची चूक कोणाकडूनही झाली असती. आमच्या मुलखात जवसावर वाढलेल्या कोणाही माणसाचा हात त्याच बुधलीकडे गेला असता. तेलासाठी मी स्वतःला केव्हाच माफ केलं आहे. पण इतक्या संध्याकाळी मी तिथे बसलो आणि एकदाही, गंमत म्हणूनसुद्धा, स्वतःच्या बोटाने तो दांडा ओढून पाहिला नाही. दादाचा हात जातो आहे हे मी लगेच मानलं. थकलेल्या माणसाला वाईट बातमी पटकन पटते, तिच्यामागे काही करायचं उरत नाही म्हणून.

दुपारभर मी सगळं सोडवलं. खिळे, कड्या, सळया रॉकेलात टाकल्या. चौकट उघडली तर आत तेल नव्हतंच. गुळाच्या पाकासारखा पिवळा थर होता आणि त्यात रुई बसून त्याचा नमदा झाला होता. माझ्याच कपड्यांवरून, माझ्याच केसांतून घरी आलेली रुई. कमल चिमट्याने तंतू ओढत होती, मी खरवडत होतो. मग मी शेजारच्या शिंप्याकडून शिवणयंत्राचं तेल आणलं आणि या वेळी थेंब थेंब दिलं. चौकीवाला पुन्हा कंदील घेऊन बाहेर आला. दांडा हवेसारखा झाला. पूर्वीपेक्षाही हलका. त्याचं मला काहीच वाटलं नाही.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवट तिथे करायचा नाही. त्यानंतर दादा आणखी काही काळ होता. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला पुन्हा झटका आला आणि तो गेला. हात पुरता परतला नाही. बशी धरता यायची, पण दोन्ही हातांनी. मी डॉक्टरांना विचारलं होतं की मधले ते आठवडे वाया गेले नसते तर हात आला असता का. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, सांगता येत नाही. ते खरंच बोलत होते. मी त्या 'सांगता येत नाही'मध्ये अजून राहतो आहे. हंगाम आला की तिथे जरा जास्त रुई उडते, इतकंच.

जाताना दादाने हा सिग्नल मला दिला नाही आणि दुसऱ्या कोणालाही दिला नाही. तो कोनाड्यातच राहिला, म्हणून मी तो तिथेच ठेवला आहे. यंत्राचं तेल अजून मऊ आहे. दांडा एका बोटाने येतो. दरवर्षी पहिल्या बंड्या दिसल्या की मी तो एकदा ओढून पाहतो. आता पाहतो.

तर त्या दिवशी. ऊन ओसरलं होतं. मी फळी घेऊन दादाच्या खोलीच्या उंबऱ्याशी आलो आणि थांबलो. सिग्नल मी जागेवर बसवला होता आणि तो आडवा होता. दादा जागा होता. त्याने मला उभं पाहिलं.

"ये नं. कायले उभा हाय?"

"सिग्नल नाही पडला."

मी आत गेलो, फळी खाटेला बांधली, तार जोडली, आणि बसलो. त्याच्याकडे तोंड करून. आणि सांगितलं. जवसाचं तेल, दाराचा रंग, वाटीतली साय, सगळं. मला नीट सांगता येत नव्हतं. तो आढ्याकडे पाहत ऐकत होता.

"म्हंजे हात नाई अडला?" तो म्हणाला.

"नाही."

"दांडा अडला?"

"हो."

"मंग म्या इतके दिवस शिव्या कोनाले देल्या बे?"

"हाताला."

"त्या वापस घ्या लागतीन," तो म्हणाला. "त्या तुह्या होत्या."

मी हसलो, तो हसला, उंबऱ्यावर कमल पदर तोंडाला लावून उभी होती. मग त्याचं हसणं आधी थांबलं.

"बापू, तू ओढून नाई पाह्यला?"

"नाही."

"एक डावबी?"

"नाही, दादा."

त्याने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. बाहेर बंड्या रिकाम्या परतत होत्या, त्यांचा खडखड आवाज येत होता. मग हळूच, स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "केबिनमंदी दांडा जड झाला तं आमी पयले तार पाहतो. मंग कडी पाहतो. मंग तेल. मानसाचा हात समद्याच्या शेवटी." थांबला. "अन् म्या आपला पयलेच हात धरला. मलेबी नाई सुचलं."

त्याने ते माझ्यासाठी म्हटलं की खरंच तसं वाटलं म्हणून म्हटलं, हे मला कळलं नाही. अर्धं ओझं त्याने उचलून स्वतःकडे घेतलं, आणि माझ्याकडचं तसूभरही कमी झालं नाही.

मग त्याने उजवा हात डाव्या हाताने उचलून फळीवर ठेवला. बोटं दांड्यावर सरकवली. इतके दिवस ती नुसती पडून होती, दांड्याला नीट ओळखतही नव्हती. शीर उठली. ओठ आत गेला. मी या वेळी दुसरीकडे पाहिलं नाही. दांडा सरकला, इतका हळू की सरकतोय असं फक्त तारेवरून कळत होतं. कोनाड्यातली लाल पट्टी हलली, खाली यायला लागली आणि मध्येच थांबली. धड आडवी नाही, धड खाली नाही. दांड्यात आता कसलीही अडचण नव्हती, एवढाच जोर उरला होता.

तेवढ्यात जिनचा भोंगा झाला. त्या दिवशी बाजाराची सुट्टी असली तरी आवक फार होती, संध्याकाळपुरतं या म्हणून जिनमधून सांगून गेले होते. मी सवयीने अर्धा उठलो. आणि एक बोट पुढे केलं, दांड्याला थोडा रेटा द्यावा, पट्टी पडावी, त्याला पडलेली दिसावी म्हणून.

"हात नोको लावू," दादा म्हणाला. नजर सिग्नलवर होती. "कुठं चालला?"

"भोंगा झाला, दादा."

"सिग्नल पाय."

मी पाहिलं.

"अर्धा हाय," तो म्हणाला. "कितीबी घाई असो, थांबाव लागते. बस खाली."

उंबऱ्याबाहेर कमल कपबशी घेऊन थांबली होती. मी बसलो.